प्रलयानंतर बोलायचे कोणी?

संगणकावरचे खेळ म्हटले की प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडते आणि घरच्यांना वाटते, पोर हाताबाहेर गेली. त्यांचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीही पुस्तक न उघडता गोळीबाराचे आवाज काढत बसलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. तरीही या खेळांतल्या एका प्रकाराची बाजू आज मला मांडायची आहे.

हा प्रकार प्रलयानंतरच्या जगाचा. अणुयुद्धाने किंवा दुसऱ्या कशाने जग मोडून पडलेले असते आणि खेळणाऱ्याने त्या पडझडीत एक पात्र होऊन जगायचे असते. पण यातल्या बहुतेक खेळांत जगणे म्हणजे मारणे. बंदूक शोधा, आडवा येईल त्याला लोळवा, पुढे चला! मला प्रश्न पडे, मारामारीनेच जग संपले ना? मग उरलेल्यांनीही तेच करायचे?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगते. पंधराव्या वर्षी ती खडी फोडायला जात होती. तिच्या आठवणींत सुकडी असते, मिलो असतो, तळ दिसणारी विहीर असते आणि एका घागरीसाठी शेजारणीची केलेली विनवणी असते. तिचे जग मोडले होते, पण ती त्यातून निभावली ती माणसांशी बोलून, मागून आणि वाटून घेऊन. असा एखादा खेळ असेल का, म्हणून मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर मी शोधू लागले.

पहिला सापडला तो १९९७ साली अमेरिकेत निघालेला ‘फॉलआउट’. काळ २१६१ सालचा, स्थळ अणुयुद्धात भाजून निघालेले कॅलिफोर्निया. जमिनीखालच्या तळघरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडते आणि त्याचा सुटा भाग १५० दिवसांत शोधून आणायचा असतो. म्हणजे गोष्ट सुरू होते ती पाण्यापासून! तो भाग सापडतो एका उद्ध्वस्त शहराच्या पोटात. किरणोत्सर्गाने कातडी झडलेले लोक तिथे राहतात आणि त्यांचे पाणीही त्याच यंत्रावर चालते. भाग उचलून नेला की आपले लोक वाचतात आणि ते तहानेने मरतात. मात्र त्यांचा बंद पडलेला पंप आधी दुरुस्त करून दिला, तर दोघेही जगतात. टँकरमागे धावलेल्या कोणालाही या पेचाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या खेळात बंदुका पुष्कळ आहेत, हे मी लपवत नाही. पण त्या न चालवताही शेवट गाठता येतो. सर्व माणसांना एकाच राक्षसी जातीत बदलून टाकू, म्हणजे युद्धेच थांबतील, असे मानणारा ‘मास्टर’ शेवटी समोर उभा राहतो. या नव्या जातीला संतती होऊ शकत नाही, याचा पुरावा गोळा करून त्याच्यापुढे ठेवला की त्याला आपली चूक उमगते आणि तो स्वतःच सारे संपवतो. एका पुराव्याने आणि चार वाक्यांनी!

पण याच खेळाने मला एक चटका दिला. पात्र घडवताना बल, बुद्धी, वाक्चातुर्य यांचे गुण आपणच वाटायचे असतात. बुद्धीचा आकडा ४ पेक्षा खाली ठेवला की पात्राला नीट बोलताच येत नाही. ते नुसते हुंकारते आणि समोरचा त्याला वाटेला लावतो. हे पाहताना मला माझे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात उत्तर येत असूनही मी उभी राहत नव्हते. माझ्या उच्चारांना हसतील, ही भीती. खेळात बोलण्याचे गुण ज्याचे त्याला वाटता येतात. आयुष्यात ते घराघरांत आधीच वाटलेले असतात, आणि ज्यांच्या वाट्याला कमी आले, त्यांना लोक मंद समजतात.

म्हणूनच २०२२ साली आलेला ‘सिटिझन स्लीपर’ मला अधिक जवळचा वाटला. कंपनीच्या मालकीच्या यांत्रिक देहासह पळालेला एक जीव मोडकळीला आलेल्या अवकाशस्थानकावर आसरा घेतो. रोज सकाळी फासे पडतात. त्यांच्या जोरावर मिळेल ते काम करायचे, पोट भरायचे, औषध मिळवायचे. अंगातली ताकद घटली की फासेही कमी मिळतात. लढाई नावालाही नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातल्या मुलीला यापेक्षा ओळखीचे जग कोणते?

आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, “लढाई नसलेला खेळ म्हणजे मिठावाचून आमटी.” मला तसे वाटत नाही. कळ दाबून समोरच्याला पाडणे सोपे आहे. त्याचे ऐकून घेऊन, पुरावा गोळा करून त्याचे मन वळवणे अवघड. जिथे अवघड काही करायचे असते तिथेच खेळाला चव येते. असे खेळ थोडे आहेत. ते वाढले पाहिजेत, आपल्या भाषेत आणि आपल्या विहिरींच्या काठावरचेही निघाले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि गुरुजनांना एक नम्र विनंती. प्रलय काही सांगून येत नाही. तो आलाच, तर उरलेल्यांना बोलता यावे लागेल. आजही मागच्या बाकावर काही जण उत्तर येत असून गप्प बसले आहेत. त्यांना एकदा उभे करा, आणि उच्चारांना हसणाऱ्यांना तेवढ्यापुरते गप्प बसवा.

— द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी