शिकता शिकता गेलेले

अफझलगंजच्या ग्रंथालयात आम्ही जमलो की निजामाच्या विमानांचा विषय निघतोच. पहिल्या महायुद्धात ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला विमानं निजामाने दिली, म्हणून तिच्या नावात ‘हैदराबाद’ आलं. अभिमान ठीक आहे. पण विमान काय फक्त शत्रूच्या गोळीनेच पडतं? दुसऱ्या महायुद्धात बेगमपेटला पोरं टायगर मॉथवर उडायला शिकत. आता दुंडिगलला शिकतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी तिथून उडालेलं पिलाटस तूप्रानजवळ कोसळलं. प्रशिक्षक आणि कॅडेट, दोघंही गेले. ना युद्ध, ना शत्रू. बातमी आली नि विरली. सीमेवर गेले असते तर आपण चौकाचौकांत फलक लावले असते! मला हे पटत नाही. विमानांच्या गप्पा मारतो तिथेच, ग्रंथालयाच्या दारात, शिकता शिकता गेलेल्यांच्या नावांची एक पाटी लावा.