फॉक्सप्रोचा बाजार आणि आपलें दप्तर

सिंदेवाहीसारख्या धानाच्या गांवीं एखाद्या गिरणीचा, दुकानाचा किंवा पतसंस्थेचा हिशेब अद्यापि ‘फॉक्सप्रो’वर चालत असल्यास त्याचें पुढें काय व्हावयाचें, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नव्हे; ज्यांची ठेव तेथें नोंदलेली आहे त्या प्रत्येक कुटुंबाचा आहे. म्हणून आज आम्ही त्याचा विचार करणार आहों.

फॉक्सप्रो म्हणजे नांवें, रकमा, तारखा कोष्टकरूपानें सांठवून त्यांवर हवी तशी हिशेबाची रचना बांधण्याचें साधन. तें अमेरिकेंतील फॉक्स सॉफ्टवेअर कंपनीचें; १९९२ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी घेतली. त्याची शेवटची आवृत्ति २००४ सालीं निघाली, पुढील निघणार नाहीं असें २००७ मध्यें जाहीर झालें, आणि जानेवारी २०१५ मध्यें दुरुस्तीची उरलीसुरली जबाबदारीहि मायक्रोसॉफ्टनें सोडली.

त्याच्या शेवटच्या आवृत्तींत बांधलेल्या रचना आजच्या यंत्रांवरहि बहुधा चालतात. चालतें तें मोडावें कशाला, असें मालकास वाटणें स्वाभाविक आहे. तथापि बाजाराचा न्याय निराळा. नवें गिऱ्हाईक नाहीं, म्हणून तरुण ती विद्या शिकत नाहींत. जाणते थोडे उरले, म्हणून त्यांची मजुरी कांहीं काळ वाढेल. पण ही वाढ भरभराटीची नव्हे, मावळतीची होय. यापुढें या विद्येस मुख्य काम उरेल तें जुन्या घरांतील सामान नव्या घरीं पोंचविण्याचें.

त्यांत मराठी माणसास एक विशेष अडचण आहे. यूनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धति फॉक्सप्रोस कळत नाहीं. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ हें मानक ठरलें, तरी निरनिराळ्या फॉन्टांच्या खुणा निरनिराळ्याच राहिल्या. तो फॉन्ट हरवला कीं खातेदाराचें नांव म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग! मोडीचें असेंच झालें: पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागद आहेत, वाचणारे विरळा.

सुदैवानें फॉक्सप्रोचीं कोष्टकें गुप्त नाहींत. लिब्रे-ऑफिससारखीं विनामूल्य साधनेंहि तीं उघडतात. म्हणून जाणता माणूस हाताशीं आहे तोंच माहिती उतरवून घ्यावी, तिच्याबरोबर फॉन्टचें नांव टिपून ठेवावें, आणि कांहीं महिने जुना व नवा हिशेब समांतर चालवून बेरजा ताडून पाहाव्या. आज होणारा खर्च मालकास जड वाटेल. परंतु यंत्र बंद पडल्यावर ठेवीदारास काय उत्तर द्यावयाचें, याचाहि त्यानें विचार करावा. साधन विकणाऱ्याचें असतें. त्यांतील हिशेब मात्र आपला असतो, आणि तो राखणें हेंहि आपलेंच कर्तव्य होय.