शब्दकोश कोणाच्या मालकीचा? दाते-कर्वे, मोल्सवर्थ आणि प्रताधिकार

१/ धंतोलीत राहणाऱ्या एका तरुण मित्राने घरच्या जुन्या कपाटातून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सातही खंड बाहेर काढले, पानापानाची छायाचित्रे घेतली आणि ओसीआरच्या साहाय्याने त्यांचा डेटा तयार करण्यास आरंभ केला. तो सर्वांना विनामूल्य द्यावा, असा त्याचा मानस. ‘नव्वद वर्षांपूर्वीचा ग्रंथ; आता त्याला कसला आला प्रताधिकार?’ हा त्याचा प्रश्न. माझे उत्तर त्याला रुचले नाही. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांनाही ते रुचणार नाही, तरी मांडतो.

२/ या कोशाची वंशावळ नागपूरपर्यंत पोचते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली ज्ञानकोश मंडळ स्थापन केले ते नागपुरात. पुढे ते बिऱ्हाड पुण्यास गेले. केतकरांच्या हाताखाली कोशकार्याचे धडे घेतलेल्या मंडळींत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे होते. ज्ञानकोशाचे २३ खंड तडीस गेल्यावर त्यांनी आबा चांदोरकर व चिं. शं. दातार यांना सोबत घेऊन शब्दकोश हाती घेतला. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड निघाले. १९५० साली पुरवणी आली.

३/ आता कायदा. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार ग्रंथाचे वय मोजायचे नसते, ग्रंथकाराच्या मृत्यूपासून मोजणी करायची असते. मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे. ग्रंथकार एकाहून अधिक असतील तर जो सर्वांत शेवटी निवर्तला, त्याच्यापासून. कर्वे १९६० साली गेले, दाते १९७३ साली. म्हणजे २०३३ संपेपर्यंत तरी हा कोश मुक्त नाही. अन्य संपादकांपैकी कोणी दात्यांच्या मागे राहिले असतील, तर मुदत आणखी पुढे सरकते.

४/ ‘पण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोश कोणालाही पाहता येतो की!’ येतो. परंतु वाचता येणे वेगळे आणि वाटता येणे वेगळे. ग्रंथालयात बसून पुस्तक वाचणाऱ्याला ते छापण्याचा हक्क मिळत नाही.

५/ गंमत अशी की, गुरूचे लेखन मुक्त आहे. केतकर १९३७ साली निवर्तले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुदत ५० वर्षांची. ती १९८७ अखेर संपली. मग ५० ची ६० कधी झाली? रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. ऐन वेळी वटहुकूम निघाला आणि १९९२ मध्ये दुरुस्ती झाली. वाढ मिळाली ती तोवर संरक्षित असलेल्या कृतींना. जे मुक्त झाले होते ते मुक्तच राहिले. एका कवीच्या निमित्ताने देशातील शेकडो ग्रंथकारांची मुदत दहा वर्षांनी लांबली, हे मला आजही पटत नाही. पण कायदा तो कायदा.

६/ आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यावर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. तरीही अशा जुन्या कोशांच्या डिजिटल प्रतींखाली ‘सर्व हक्क राखीव’ असे बिनदिक्कत लिहिलेले आढळते. कशाच्या बळावर? टंकलेखनाच्या?

७/ ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले की केवळ श्रम आणि खर्च पुरेसा नाही. त्यात किमान काही सर्जक निर्णय हवा. निकालपत्रांतील चुका दुरुस्त करून छापल्याने हक्क निर्माण होत नाही. मात्र परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देण्यात बुद्धी खर्ची पडते, म्हणून तेवढ्या कामाला संरक्षण मिळाले. हेच कोशाला लावा. १८५७ चा मजकूर जसाच्या तसा उतरवला तर नवा हक्क नाही. नोंदींचे स्वतःच्या विचाराने वर्गीकरण केले, परस्परसंदर्भ जोडले, तर त्या भरीपुरता दावा करता येईल. युरोपात १९९६ पासून डेटाबेसला १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. भारतात तसा हक्क नाही, आणि तो नसावा असेच माझे मत आहे.

८/ जुन्या मजकुरावर नव्या कामाचे थर कसे चढतात, ते धंतोलीतच पाहता येईल. विवेकानंद १९०२ साली गेले. त्यांचे मूळ लेखन सर्वांचे आहे. येथील रामकृष्ण मठाने काढलेले मराठी अनुवाद मात्र त्या त्या अनुवादाच्या हिशेबाने चालतात. मोल्सवर्थच्या १९७५ च्या पुण्यातील पुनर्मुद्रणाला ना. गो. कालेलकरांचे प्रास्ताविक आहे. ते घेताना थांबावे, मूळ कोश घेताना थांबण्याचे कारण नाही.

९/ मग त्या मित्राने काय करावे? स्वतःच्या अभ्यासासाठी डेटा जवळ ठेवण्यास कलम ५२ आड येत नाही. दाते-कर्वे यांच्या कोशात (व.) म्हणजे वऱ्हाडी आणि (ना.) म्हणजे नागपुरी अशा खुणा आहेत, त्याला खरा रस त्या शब्दांत आहे. आणि शब्द कोणाच्याच मालकीचा नसतो. अर्थाची वाक्यरचना संपादकांची असते. शब्द घ्यावा, अर्थ आपल्या भाषेत लिहावा, आज तो कोणाच्या तोंडी आहे ते टिपावे, कोशाचे ऋण नमूद करावे. हे आजच वाटता येईल.

१०/ ज्यांच्याकडे या कोशाचे हक्क आहेत त्यांनी २०३४ ची वाट न पाहता खुला परवाना द्यावा, अशी विनंती करणारे पत्र आम्ही दोघे लिहीत आहोत. वारस सापडले नाहीत, तर कलम ३१-अ खाली परवान्यासाठी अर्ज करण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे. तोवर मित्र (ना.) खुणेच्या नोंदी वेगळ्या काढतो आहे. पहिल्या वहीतील निम्म्या शब्दांचे अर्थ त्याच्या आजीने कोशाहून वेगळे सांगितले.