गठाणीमागे युनिट किती? जिनिंगने हिशेब दिलाच पाहिजे



वणीच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या की भाव पाडण्याची कारणे दरवर्षी त्याच क्रमाने ऐकू येतात. ओलावा जास्त आहे. सरकीला उठाव नाही. परदेशात मंदी आहे. आणि शेवटी : वीज महागली, जिनिंगचा खर्च निघत नाही. पहिल्या तीन कारणांवर आपण भांडतो. ओलावा मोजायचे यंत्र मागतो, सरकीचे भाव पेपरात पाहतो, न्यूयॉर्कचा रुईचा भाव आपली पोरे मोबाईलवर काढून दाखवतात. चौथे कारण मात्र आपण मुकाट्याने ऐकून घेतो. गठाणीमागे किती युनिट जळाले, असा प्रश्न बाजारात कोणी केलेला आम्ही तरी ऐकलेला नाही.

आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे. आणि तो पहिल्यांदा विचारला पाहिजे ज्या जिनिंगचे आपण सभासद आहोत त्या जिनिंगला. मग ती सहकारी असो की शेतकरी उत्पादक कंपनीची. कारखान्याची वीज मोजण्याची आणि वाचवण्याची साधने आज फुकट मिळतात. त्यामुळे "आम्हाला माहीत नाही" हे उत्तर यापुढे चालणार नाही.

नासाडी कोणाच्या माथी?

साधा हिशेब आहे. १७० किलोच्या एका गठाणीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगवाला भाव काढतो तो उलट्या बाजूने. रुईचे किती येतील, सरकीचे किती येतील, त्यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक, व्याज आणि स्वतःचा नफा वजा केला की जे उरते, ते कापसाचा भाव म्हणून आपल्यापुढे येते. १९७२ साली आलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेतही हीच रीत होती. सगळा हिशेब झाल्यावर काही उरले तरच बोनस. म्हणजे मधल्या कोणत्याही नासाडीचे बिल मालक भरत नाही, गिरणी भरत नाही. ते उरलेल्यात जमा होते, आणि उरलेला म्हणजे शेतकरी.

पूर्वी जिनिंगमध्ये बाया डोक्यावर टोपल्या वाहून रेच्यांना कापूस घालत. फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झाले, त्यातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. कापूस हवेच्या झोताने नळीतून जाऊ लागला, कचरा कमी झाला, रुई स्वच्छ निघू लागली. हे चांगलेच झाले. पण टोपलीच्या जागी पंखा आला, आणि पंख्याला वीज लागते. आधुनिकीकरणाबरोबर विजेचा हिशेब यायला हवा होता. यंत्रे आली, हिशेब मागेच राहिला.

वीज जाते कोठे?

रेचे, कापूस आणि रुई ओढणारे पंखे, गठाण दाबणारा प्रेस आणि पाण्याचे पंप, एवढीच मोठी खाती. यांत पंखा हा सर्वांत फसवा. पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी वीज सरळ प्रमाणात चालत नाहीत. वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. कित्येक ठिकाणी पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि नळीतली झडप अर्धी लावून हवा अडवलेली असते. बैल पुरता जुंपायचा आणि मागून दावे धरून ओढायचे, असला हा प्रकार. कापूस नळीत अडकणार नाही इतका वेग राखून पुली बदलली, तर त्याला खर्च तो किती?

दुसरी गोष्ट रिकाम्या चालण्याची. गाडी आली नाही, माल संपला, जेवणाची सुट्टी झाली, तरी मोटारी फिरतच राहतात. तिसरी गोष्ट जळून पुन्हा पुन्हा गुंडाळलेल्या मोटारींची; चांगल्या कामगाराने गुंडाळली नाही तर तीच मोटार त्याच कामाला जास्त वीज खाते. चौथी पॉवर फॅक्टरची. उच्चदाब ग्राहकांना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येते. सोप्या भाषेत, पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर कामाला लागतात ८५ युनिट आणि बिल येते १०० चे. कपॅसिटर नादुरुस्त पडून असेल तर हे वरचे पंधरा कोणाच्या कापसातून गेले, ते वेगळे सांगायला नको.

साधने कोणती?

पहिले साधन म्हणजे वही. रोज ठरल्या वेळी मीटरचा आकडा आणि त्या दिवशी बांधलेल्या गठाणी, दोनच रकाने. खळ्यावर ज्वारी मापताना आपण 'लाभ' म्हणून पहिले माप टाकतो आणि शेवटपर्यंत मोजतो. अंदाजाने रास कोणी उचलत नाही. मग विजेलाच अंदाज का?

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत, रीत खरी आहे. समजा, एका आठवड्यात १०० गठाणी झाल्या आणि ६,००० युनिट लागले. दुसऱ्या आठवड्यात २०० गठाणी झाल्या आणि १०,००० युनिट लागले. वाढलेल्या १०० गठाणींना ४,००० युनिट, म्हणजे गठाणीला ४०. तसे असेल तर पहिल्या आठवड्यात ४,००० च लागायला हवे होते. वरचे २,००० कोठे गेले? ते गठाण बांधली काय, न बांधली काय, जाणारच होते : रिकामे पंखे, रिकाम्या मोटारी, दिवे.

आता युनिटला दहा रुपये धरा. पहिल्या आठवड्यात गठाणीला ६०० रुपये वीज पडली, म्हणजे कापसाच्या क्विंटलला १२०. दुसऱ्या आठवड्यात ५०० रुपये, क्विंटलला १००. नवे यंत्र नाही, कर्ज नाही. नुसते कारखाना अर्धा रिकामा न चालवता माल साठवून भरून चालवला, तर क्विंटलला वीस रुपये वाचले. तिसऱ्या आठवड्यात १५० गठाणी झाल्या तर ८,००० युनिट यायला हवेत. ८,९०० आले तर कोठेतरी पट्टा सैल आहे, बेअरिंग घासते आहे किंवा ओला कापूस घातला आहे. वही बोट ठेवून जागा दाखवत नाही, पण घरात चोर आहे एवढे नक्की सांगते.

ही वही संगणकावर ठेवायची तर 'लिब्रे ऑफिस' हे फुकट मिळते. त्यापुढे जायचे तर केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा तपासनिसांसाठीची चार पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत; मोटार, पंखा, पंप, बॉयलर कसे तपासावेत ते त्यांत आकड्यांसह दिले आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 'मेझर' नावाचा संगणक कार्यक्रम तयार करून जगाला खुला केला. पंखे, पंप, वाफ, भट्टी, मोटारी यांची माहिती भरली की कोठे किती वीज वाया जाते आणि बदल केला तर किती वाचेल, ते तो काढून देतो. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसले तरी चालतो. तो इंग्रजीत आहे हे खरे. पण आयटीआय आणि डिप्लोमा करून घरी बसलेली आपली पोरे गावोगाव आहेत, त्यांना हे अवघड नाही. नागपूरला 'सिरकॉट' संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. यंत्राविषयी शंका असली तर विचारायची जागा तीच.

इंडियाला कायदा, भारताला उपदेश

मोठ्या कारखान्यांना हा हिशेब ठेवायला कायद्याने लावले. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २०१२ ते २०१५ या पहिल्या टप्प्यात सिमेंट, औष्णिक वीज, पोलाद, खत, कापड अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना वीज आणि इंधन किती कमी करायचे याचे उद्दिष्ट नेमून दिले. उद्दिष्टापेक्षा जास्त वाचवले त्यांना विकता येतील असे दाखले मिळाले. या टप्प्यात सुमारे ८६ लाख ७० हजार टन तेलाइतकी ऊर्जा वाचली, उद्दिष्ट होते ६६ लाख ८६ हजार टनांचे. म्हणजे मोजले की वाचते, हे देशाने एकदा करून पाहिले आहे.

वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी, पलीकडे चंद्रपूरचे वीज केंद्र, मुकुटबनला सिमेंट कारखाना. कोळसा आपल्या मातीतला, धूळ आपल्या पऱ्हाटीवर. पण मोजण्याची शिस्त आणि तिचा फायदा मोठ्यांच्या फाटकाआत थांबला. जिनिंग एवढी लहान, की कायद्याच्या मर्यादेच्या जवळपासही येत नाही. कायदा नको, इन्स्पेक्टर तर अजिबात नको. एक इन्स्पेक्टर आला की त्याचाही खर्च कापसातूनच जातो. आपला हिशेब आपणच ठेवू.

शंका आणि उत्तरे

कोणी म्हणेल, वाचलेले वीस रुपये व्यापारी खिशात घालील. खासगी जिनिंगमध्ये तसे होईलही. म्हणूनच सुरुवात आपल्या मालकीच्या जिनिंगपासून करायची. तिने खर्च कमी करून दहा रुपये जास्त भाव काढला, की शेजारच्यालाही गाडी यायला हवी असेल तर काढावा लागेल. आणि "वीज महागली" म्हणणाऱ्यासमोर आपल्या जिनिंगची वही ठेवता येईल.

कोणी म्हणेल, वीस रुपयांनी शेतकरी तरणार आहे काय? नाही तरणार. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ही लूट वहीने थांबणारी नाही, ती लढाई रस्त्यावरचीच आहे. पण १९८० साली चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशींनी आपल्याला शिकवले ते हेच, की आधी उत्पादनखर्च कागदावर मांडा, मग मागणी करा. शेतातला खर्च आपण मांडला. बांधाच्या पलीकडचा, जिनिंगच्या फाटकातला खर्च अजून मांडायचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या पदरातली. ओला आणि कचऱ्याचा कापूस रेच्यात अडकतो, वेळ आणि वीज दोन्ही खातो. सीसीआय ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांवर घेत नाही. वाळवून, वेचून आणलेला कापूस हा आपला वाटा. तो देऊ, आणि मग ताठ मानेने वही मागू.

न मोजलेल्याचे काय होते ते शेतीपंपांत आपण भोगले आहे. मीटर नसलेल्या पंपाच्या नावावर गळती आणि चोरी दडवली जाते, हे चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल पाच वर्षांसाठी माफ झाले. बिल शून्य आले म्हणून मीटरकडे पाठ फिरवू नका. जो मोजत नाही, त्याच्या नावावर दुसरा सांगेल तो आकडा लिहिला जातो.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. सहकारी जिनिंग आणि शेतकरी कंपन्यांनी रोजचे युनिट आणि गठाणी लिहिलेला फलक फाटकावर लावावा.

२. वार्षिक सभेच्या अहवालात गठाणीमागे युनिट, पॉवर फॅक्टर आणि हंगामाचे वीजबिल छापावे. ते नसेल तर सभासदांनी अहवाल मंजूर करू नये.

३. प्रत्येक तालुक्यातून दोन शिकलेली मुले-मुली निवडून त्यांना ही फुकटची साधने शिकवावीत आणि हंगामाआधी आपापली जिनिंग तपासून घ्यावी.

रंगनाथ स्वामींच्या जत्रेत दात पाहिल्याशिवाय आपण बैल घेत नाही. ज्या जिनिंगच्या दारात वर्षाची कमाई ओततो, तिचे मीटर पाहायला लाजायचे कारण नाही. या हंगामात गाडी घेऊन जाल तेव्हा भाव विचारा, ओलावा विचारा आणि तिसरा प्रश्न विसरू नका : गठाणीमागे युनिट किती?