रद्द झालेल्या पेपरचे सुतक कोणाला?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या संकटामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर लांबणीवर पडला. पुढे मंडळाने तो रद्दच केला आणि इतर विषयांच्या सरासरीवर गुण दिले. त्या परिस्थितीत ते क्रमप्राप्त होते, हे मान्य. पण तेव्हा घरोघरी जो सुटकेचा निःश्वास ऐकू आला, तो विसरण्याजोगा नाही! ज्या विषयाची उणीव कोणाला भासली नाही, त्यात आपण इतकी वर्षे शिकवले तरी काय?

शिकवली ती उत्तरे. नकाशा भरायचा, सूची करायची, गुण पदरात पाडून घ्यायचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे भूमीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा दाटल्या की चढ तीव्र. एवढे उमगले तरी सिंहगडाची चढण पायांना कळण्याआधी डोळ्यांना कळते. असा नकाशा किती शाळांनी मुलांच्या हाती दिला?

मात्र शाळांवर खापर फोडून पालकांची सुटका नाही. अंगणात (नसेल तर गच्चीवर) काठी उभी करायला खर्च तो कसला? पुण्यात मध्यान्हीची सावली बहुतेक वर्षभर उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, ढगांनी सवड दिलीच तर, ती दक्षिणेकडे वळलेली दिसते. असे का, हे मुलाने विचारले की कर्कवृत्त पुस्तकाबाहेर आलेच म्हणून समजा. पण आम्ही त्याला मोटारीत मागे मोबाइल देऊन बसवतो आणि वळायचे कोठे, हे स्वतःच्या मोबाइलला विचारतो!