आपल्या वाट्याच्या पलीकडे

आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण मंडेलांचं नाव घेतो, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांबद्दल बोलतो आणि थांबतो. या यादीत एक मराठी नाव असायला हवं असं मला वाटतं. ते म्हणजे अप्पासाहेब पंत.

अप्पासाहेब हे औंधच्या राजाचे चिरंजीव. जन्म १९१२, शिक्षण ऑक्सफर्डला, वर बॅरिस्टर. एवढ्यावर आयुष्य आरामात गेलं असतं. पण १९३९ साली औंध संस्थानाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती दिला, आणि त्या कामात हा तरुण राजपुत्र पुढे होता. याच संस्थानात कैद्यांची खुली वसाहतही उभी राहिली. 'दो आँखें बारह हाथ'ची मुळं तिथली. म्हणजे हातातली सत्ता सोडायची असते, हे अप्पासाहेब घरातच शिकले होते.

१९४८ साली नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. तेव्हाचा केनिया म्हणजे तीन मजली घर. वरच्या मजल्यावर गोरे, चांगली शेतजमीन त्यांच्याकडे. मधल्या मजल्यावर आपले लोक: दुकानदार, कारकून, रेल्वेतले नोकरदार. तळाला ज्यांचा देश ते आफ्रिकन. आफ्रिकन पुरुषाला 'किपांडे' नावाचं ओळखपत्र सतत जवळ बाळगावं लागे. मधल्या मजल्यावरचे लोक वरच्याकडे जास्त हक्क मागत होते. खाली बघायची सवय फार थोड्यांना होती.

पंतांनी नेहरूंचं धोरण आपल्याच माणसांना स्पष्ट सांगितलं: हा देश आधी आफ्रिकनांचा आहे, तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहा. आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांनी मैत्री केली. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी लागली, जोमो केन्याटांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. ब्रिटिशांना हे सगळं खुपत होतं. माऊ माऊ बंडाला पंतांची फूस आहे असा आरोप झाला आणि १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावी लागली.

यावर एक आक्षेप येतो. राजदूताने दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये, आणि गांधींच्या माणसाने सशस्त्र बंडाच्या जवळपासही दिसू नये. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण केनिया तेव्हा ब्रिटिशांचं 'घर' होतं हेच मुळात चुकीचं होतं ना? आणि हिंसा नको असं मनापासून वाटत असेल, तर ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला मित्र आहेत हे त्याला कळायला हवं. एकटा पडलेला माणूसच आधी शस्त्राकडे वळतो. पंतांची मैत्री मला म्हणूनच शांततेचं काम वाटते.

त्याच नैरोबीत पियो गामा पिंटो होते, गोव्याच्या कॅथलिक घरातले पत्रकार. त्यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी काम केलं आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठीही. १९५४ ते १९५९ अशी वर्षं कैदेत आणि नजरकैदेत गेली. डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पिंटोंना नैरोबीत गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. एक संस्थानिक ब्राह्मण, एक गोवन ख्रिस्ती. दोघांनाही मधल्या मजल्यावर सुखाने राहता आलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. बऱ्हाणपुरात आपण मराठी बोलणारे म्हणजे हिंदी प्रदेशातले थोडे लोक. त्यातही माझ्यासारखे कॅथलिक म्हणजे थोड्यातले थोडे. थोडे असलो की सगळं बोलणं आपल्या वाट्यावर येतं: आमची भाषा, आमची शाळा, आमच्या जागा. हे मागणं बरोबरच आहे, मीही मागते. पण आपल्याच वर्गात कोरकू आणि बारेला घरांतली मुलं-मुली बसतात. त्यांना हिंदीसुद्धा शिकून घ्यावी लागते, मराठी-इंग्रजी तर दूरच. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या भाषेतली एक तरी गोष्ट आपण कधी ऐकली आहे का?

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या अंकात चार पानं कोरकू आणि बारेली गोष्टींसाठी ठेवूया, देवनागरीत, शेजारी मराठी अनुवादासह. निवड मात्र त्या मुलांनीच करावी, संपादकांनी नाही. मराठीची चार पानं कमी होतील. होऊ देत. पंतांनी पद गमावलं, पिंटोंनी जीव. आपल्याला फक्त थोडं सरकून बसायचं आहे.