आधी तिचे पान वाढा

“दोन आठवडे मीठ बंद, दूध बंद, मासे बंद. बाकी सगळं खायचं,” डॉक्टरांनी एका दमात सांगितले आणि आहाराचा कागद शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. घरी आल्यावर त्याने तो मुकाट्याने ओट्यावर आणून ठेवला. आजार माझा, कागद त्याच्याकडे आणि काम पुन्हा माझेच!

माझ्या थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली होती. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली आणि उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचे ठरले. हा कॅन्सर बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणूनच या उपचाराआधीच्या पंधरवड्याबद्दल आपण आपसात बोलायला हवे.

या पथ्यामागचे कारण साधे आहे. थायरॉइडच्या पेशी रक्तातले आयोडीन ओढून घेतात. अंगात आधीच आयोडीन भरपूर असेल तर त्या औषधातले आयोडीन पुरेसे घेत नाहीत. म्हणून उपचाराआधी एक ते दोन आठवडे दिवसाला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आयोडीन पोटात जावे असे बघतात. एरवी मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागते.

आता आपल्या मिठाचा हिशोब करू. आयोडीनयुक्त मीठ आपल्या हाती येते तेव्हा त्यात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे चमचाभर, पाच ग्रॅम मिठातच ७५ मायक्रोग्रॅम झाले. शिवाय मे २००६ पासून थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला आपल्या देशात बंदी आहे. हा कायदा चांगलाच आहे. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो, गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते दुःख शेवटी बाईच्याच पदरी येते. पण ज्या बाईला पंधरा दिवस दुसरे मीठ हवे तिने ते आणायचे कुठून, हे त्या कागदावर लिहिलेले नव्हते. सैंधवाच्या काही पाकिटांवरही ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले असते. समुद्राचे खडेमीठ चालत नाही. आणि ‘मीठ बंद’ हे सांगणेच मुळात अपुरे होते. बंद करायचे ते आयोडीन. अजिबात मीठ न खाल्ल्याने रक्तातले सोडियम घसरून, विशेषतः वयस्कर बाईला, गुंगी आणि भ्रम होऊ शकतो. हे मला दुसऱ्या खेपेला, मी विचारले तेव्हा कळले.

कागद इंग्रजीत होता. त्यात समुद्री शेवाळाचा उल्लेख होता, पापडाचा नव्हता. आपल्या घरात मीठ कुठे कुठे लपलेले असते ते मला एकेक डबा उघडून शोधावे लागले. लोणचे, पापड, सांडगे, फरसाण, पाव, बिस्किटे, कांदा-लसूण मसाला, सुके बोंबील, जवळा. दूध बंद म्हणजे चहा, दही, ताक, तूप बंद. अंड्यातला पिवळा बलक बंद. लाल रंगाच्या काही मिठाया आणि गोळ्या बंद, कारण त्या रंगातही आयोडीन असते. जखमेवर लावायचे तपकिरी औषधसुद्धा चालत नाही. उरले काय? भाकरी, भात, तुरीमुगाचे वरण, ताज्या भाज्या, फळे, खारे नसलेले शेंगदाणे, तेल, साखर, कोरा चहा. म्हणजे उपासमार मुळीच नाही. पण हे सारे घरी, हाताने, दर वेळी ताजे करावे लागते.

कुणी करायचे? त्याच सुमारास माझी थायरॉइडची गोळी तीन-चार आठवड्यांसाठी बंद केलेली होती. औषध नीट लागू पडावे म्हणून तसे करतात. गोळी बंद न करता देता येणारी इंजेक्शने आहेत, पण ती फार महाग. गोळीवाचून बाई थंडीने कुडकुडते, चेहरा सुजतो, पाय ओढत चालते, विनाकारण रडू येते. अशा अवस्थेत मी एका शेगडीवर माझे आणि दुसऱ्या शेगडीवर घरच्यांचे, असे दोन स्वयंपाक करीत होते. वर्षानुवर्षे शिबिरांमधून ‘बाईच्या श्रमाची किंमत’ या विषयावर बोलणारी मी! “आज तू कर,” हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. सवयीचे जाळे किती चिवट असते ते तेव्हा कळले.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, दोनदा कशाला रांधतेस? एकदाच बिनमिठाचं कर. तुझं आधी बाजूला काढ, मग आमच्यात मीठ टाक.” मग मुलाला हाक मारून त्यांनी त्यालाच डाव हातात घ्यायला लावले. त्या दिवसापासून एकच वरण, एकच भाजी. मात्र माझी वाटी सगळ्यांच्या आधी भरायची. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली, आणि या घरात माझे पान पहिल्यांदा वाढले गेले ते कॅन्सरमुळे. हसावे की रडावे?

पण माझ्या घरात निदान ओटा माझा आहे. तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाई चार घरची धुणीभांडी करीत होत्या. सकाळचा चहापाव एका घरी, दुपारचे उरलेसुरले दुसऱ्या घरी. “मालकिणीला काय सांगू, मीठ कुठलं घालता म्हणून?” त्यांनी मला विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. पथ्य पाळले नाही म्हणून उद्या त्यांनाच कुणी बेजबाबदार ठरवील. जी बाई दुसऱ्याच्या हातचे खाऊन जगते, तिला पथ्य सांगणे पुरेसे नसते, ते पाळता येईल अशी सोय करावी लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की या पथ्याकडे उपचाराचाच भाग म्हणून बघावे. रुग्णालयाने मराठीत, आपल्या जेवणातले पदार्थ घालून कागद द्यावा आणि तो आधी तिच्या हातात द्यावा. घरातल्या पुरुषाला समोर बसवून, स्वयंपाक त्याने करायचा आहे असे सांगावे. योग्य मीठ तिथेच मिळावे. गोळी बंद असेल त्या काळात कामावर पगारी रजा मिळावी. आणि आपल्या गटांनी वस्तीतल्या अशा बाईचा डबा पंधरा दिवस वाटून घ्यावा. दहा जणी असलो तर एकीच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो.

दोन गोष्टींची खबरदारी घ्या. हे पथ्य फक्त किरणोत्सारी आयोडीनच्या तयारीसाठी आहे. साध्या थायरॉइडच्या तक्रारीवर ते कुणी सुरू करू नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तर आयोडीन जास्तच लागते. आणि नुकतेच रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाले असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात भरपूर आयोडीन असते आणि काही आठवडे थांबावे लागते.

औषध घेतल्यावर काही दिवस वेगळे राहावे लागते, लहान मुलांना जवळ घ्यायचे नसते, इतरांसाठी रांधायचे नसते. ‘बाजूला बसणे’ आपल्या आयांनी खूप सोसले. पण त्याच्याशी याची गल्लत करू नका. इथे विटाळ नाही, किरण आहेत, आणि त्यांची मुदत ठरलेली आहे. मुदत संपली की बाई पुन्हा सगळ्यांत येते.

मी आले. मीठ परत सुरू झाले, दुधाचा चहाही. मुलगा मात्र अजून रविवारी रांधतो आणि माझी वाटी आधी भरतो. त्यासाठी कुठल्याही बाईला आजारी पडावे लागू नये, एवढेच माझे मागणे.